मंडळीत दुखावलेल्या विश्वासणाऱ्यांसाठीची समुपदेशन सेवा : दहा आठवड्यांचा अनुभव

खान्देशातल्या एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाचे आपल्या मंडळीशी, म्हणजे चर्चशी, बिनसले, तर दुसरी मंडळी गाठणे त्याला पुण्या-मुंबईच्या माणसाइतके सोपे नसते. तालुक्याच्या गावी मराठीत उपासना होणारी मंडळी एखाददुसरी असते. तिथेच आपला बाप्तिस्मा झालेला असतो, आईवडील तिच्याच कबरस्थानात विसावलेले असतात आणि निम्मे सोयरे तिच्याच बाकांवर बसतात. त्यामुळे जो दुखावतो तो दुसरीकडे न जाता घरी बसतो, आणि रविवारी सकाळी घंटा वाजली की खिडकी लावून घेतो. बाहेर कोणाला सांगावे, तर आपण आधीच मूठभर, आपलेच उणे लोकांसमोर कशाला मांडायचे, हा धाक जिभेवर बसलेला असतो. अशा माणसांसाठी सुरत–भुसावळ लोहमार्गावरच्या एका गावी एक दांपत्य समुपदेशनाची सेवा चालवते. गेल्या पावसाळ्यात मी सलग दहा आठवडे तिथे जात होते. तिथे काय मिळते, काय मिळत नाही आणि कोणी जावे, हे सविस्तर लिहावे असे मला मनापासून वाटते, कारण मी आधार शोधत होते तेव्हा मला या विषयावर मराठीत अनुभवाचे असे काहीही वाचायला मिळाले नव्हते.

या सेवेला फलक नाही आणि तिचे नाव मी इथे देत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून येणारी माणसे एकमेकांच्या ओळखीतली निघू शकतात, म्हणून पत्ता तोंडोतोंडीच दिला जावा, अशी चालवणाऱ्यांची विनंती आहे आणि ती मला योग्य वाटते. पत्नी प्रशिक्षित समुपदेशक आहेत. पती पूर्वी पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, होते आणि आता कोणत्याही मंडळीच्या पगारावर नाहीत. भाड्याच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्यांत हे काम चालते. आधी एकेकट्याच्या तासाभराच्या दोन भेटी, मग सहा जणांचा गट, आठवड्यातून एकदा, असे दहा आठवडे. एका बैठकीचे तीनशे रुपये घेतात. ज्याला जमत नाही त्याने जमेल तेवढे पाकिटात ठेवावे, आणि पाकिटावर नाव लिहायचे नसते. ज्यांना दशांशाच्या, म्हणजे मंडळीला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या, यादीत आपले नाव शेवटी वाचले गेल्याची सल आहे, त्यांना या बिननावाच्या पाकिटाचे मोल कळेल.

मी का गेले, हे थोडक्यात सांगणे भाग आहे, नाहीतर पुढचे नीट कळणार नाही. मी एकतीस वर्षे शाळेत शिकवले आणि आमच्या मंडळीच्या महिला मंडळाची खजिनदार होते. नव्या इमारतीसाठी दोन वर्षे निधी गोळा होत होता; त्यात आम्ही बायकांनी पापड-कुरडया विकून जमवलेले पैसेही होते. वार्षिक सभेत मी त्याचा हिशेब मागितला. पुढच्या रविवारी व्यासपीठावरून गणनेच्या पुस्तकातल्या कोरहाची कथा वाचली गेली, ज्याने मोशेविरुद्ध बंड केले आणि ज्याला पृथ्वीने गिळले. माझे नाव कोणी घेतले नाही, पण पुढच्या बाकांवरच्या माना माझ्याकडे वळल्या. त्यानंतरच्या प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकरी वाटून घेण्याच्या विधीला, मनात कटुता असलेल्यांनी मेजाजवळ येऊ नये, असे जाहीर झाले आणि भाकरीचे ताट माझ्यासमोरून न थांबता पुढे गेले. महिनाभरात घरी येणाऱ्या बायका येईनाशा झाल्या. मला शनिवारी रात्री झोप लागेना. घशाला कोरड पडे, हात गार पडत. मी देवाला सोडले नव्हते, पण प्रार्थनेला डोळे मिटले की मला त्या व्यासपीठावरचाच आवाज ऐकू येई. देवाशी बोलायचे तर मधे तो माणूस उभा, अशी माझी अवस्था झाली होती आणि ती जवळपास दीड वर्ष टिकली.

पहिल्या भेटीत ताईंनी, म्हणजे त्या समुपदेशक बाईंनी, मला विश्वासाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. झोप किती लागते, जेवण जाते का, रक्तदाब तपासून किती दिवस झाले, घरात कोणाशी बोलता, असे त्यांनी विचारले, आणि आधी डॉक्टरांकडे जाऊन या, असे सांगितले. माझा रक्तदाब खरोखरच बराच वाढलेला निघाला. रात्री फार घाबरायला झाले तर वापरण्यासाठी त्यांनी सरकारच्या टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला; २०२२ पासून सुरू असलेल्या या सेवेत मराठीतही बोलता येते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. प्रार्थना आणि उपवास वाढवा, एवढाच सल्ला मी वर्षभर ऐकत आले होते, त्यामुळे मी थोडी गोंधळलेच. तेव्हा त्यांनी मला बायबलमधला १ राजे, अध्याय १९ उघडायला लावला. जीव घ्यावा, अशी विनवणी करून झुडपाखाली निजलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूत येऊन आधी भाकरी आणि पाणी देतो. तो खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घालतो. तू इथे काय करतोस, हा प्रश्न देव त्याला विचारतो तो चाळीस दिवस चालून होरेबाला पोहोचल्यावर. पहिले तीन आठवडे आपले बायबल एवढेच, असे ताई म्हणाल्या. त्या तीन आठवड्यांत मी दुपारी झोपायला शिकले आणि त्याचे मला पाप वाटेनासे झाले.

गटाच्या बैठकीचे काही नियम आहेत आणि ते विचार करून केलेले दिसतात. बैठकीची सुरुवात गीताने होत नाही, कारण काहींना विशिष्ट गीत ऐकले की छातीत धडधडते. मोठ्याने प्रार्थना करण्याची सक्ती नसते. पूर्वी पाळक असलेल्या गृहस्थांना कोणी पाळकसाहेब म्हणायचे नाही, भाऊ म्हणायचे. पहिल्या दिवशी हे ऐकून एक तरुण रडू लागला, तेव्हा मला त्या नियमाचे कारण उमगले. आमच्या गटात एक परिचारिका होती, एक जण लहानपणापासून मिशन कंपाउंडात वाढलेला होता, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या, ज्या केवळ अहिराणी बोलत. तिसऱ्या आठवड्यापर्यंत आजी गप्पच होत्या. चौथ्या आठवड्यात त्यांनी सांगितले, ‘देव मना शे, पन चर्चमा जावाले मना पाय उचलत नही.’ आम्ही सगळे जे चार-चार पाने लिहून आणत होतो, ते आजींनी एका वाक्यात सांगितले होते.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो चौथ्या ते सहाव्या आठवड्यांचा, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. चौथ्या आठवड्यात स्तोत्र ५५ वाचले गेले. त्यात स्तोत्रकर्ता म्हणतो की, शत्रूने निंदा केली असती तर मी सोसले असते, पण हा तर माझा सोबती, ज्याच्याबरोबर मी देवाच्या मंदिरात चालत जात असे. हे शब्द मी शंभरदा वाचले असतील, तरी देवाच्या घरी जाण्याच्याच वाटेवर माणूस माणसाला घायाळ करू शकतो, हे पवित्र शास्त्र इतक्या उघडपणे मान्य करते, हे मला प्रथमच दिसले. भाऊंनी दाखवून दिले की दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत आणि स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते. त्याच्या शेवटी स्तुतीची एकही ओळ नाही. आपल्या उपासनांत मात्र आपण आनंदाचीच गीते निवडतो, त्यामुळे रडणाऱ्याला वाटते की आपणच देवापासून दूर गेलो. मग प्रत्येकाने स्वतःचा विलाप लिहायचा होता आणि त्याचा शेवट गोड करायचा नाही, अशी ताकीद होती. मी लिहिलेल्या विलापाची शेवटची ओळ होती, प्रभू, ताट पुढे गेले तेव्हा तू कुठे बसला होतास? ती वाचून झाल्यावर कोणीही उत्तर दिले नाही, आणि त्या न दिलेल्या उत्तराबद्दल मी त्या गटाची कायमची ऋणी आहे.

सहाव्या आठवड्यात ज्या वचनांनी आपल्याला मारले गेले ती वचने घेऊन यायची होती. माझ्यासह तिघांनी एकच वचन आणले होते : माझ्या अभिषिक्तांना, म्हणजे देवाने निवडलेल्यांना, हात लावू नका. भाऊंनी स्तोत्र १०५ आधीपासून वाचायला सांगितले. तिथे अभिषिक्त म्हणून ज्यांचा उल्लेख आहे ते अब्राहाम, इसहाक आणि याकोब. आणि ते कोण, तर संख्येने थोडे, परक्या देशात उपरे, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात भटकणारे. देव त्यांच्याकरिता राजांना दटावतो. म्हणजे हे वचन बिनआसऱ्याच्या माणसाला सत्तेपासून वाचवण्यासाठी आहे, आणि आमच्याकडे ते सत्तेला प्रश्नापासून वाचवण्यासाठी वापरले गेले होते. दावीदाने आपला जीव घ्यायला निघालेल्या शौल राजाला अभिषिक्त म्हणून जिवे मारले नाही हे खरे (१ शमुवेल २४), पण त्याच अध्यायात तो गुहेतून बाहेर येऊन, झग्याचा कापलेला काठ हातात धरून, शौलाला सर्वांदेखत मोठ्याने जाब विचारतो. हात उगारणे वेगळे आणि हिशेब मागणे वेगळे. शिवाय यहेज्केल ३४ मध्ये कळप सोडून स्वतःलाच चारणाऱ्या मेंढपाळांवर देव स्वतः किती कठोर शब्दांत बोलतो, हेही आम्ही त्या दिवशी वाचले. त्या रात्री कित्येक महिन्यांनी प्रथमच मी प्रार्थनेला बसले आणि मला मधला आवाज ऐकू आला नाही. तो नंतर पुन्हा आला, अजूनही अधूनमधून येतो, पण तो देवाचा आवाज नाही, हे आता मला ओळखता येते.

क्षमेचा विषय आठव्या आठवड्यापर्यंत काढलाच गेला नाही, आणि काढला तेव्हा आधाराला भावांनीच विकून टाकलेला योसेफ होता. योसेफाने भावांना क्षमा केली, पण धान्य न्यायला आल्यावर पहिल्याच भेटीत त्यांच्या गळ्यात पडला नाही. त्याने शिमोनाला ठेवून घेतले, बन्यामिनाला आणायला लावले, पेला गोणीत लपवला, आणि बन्यामिनाच्या जागी मला ठेवा, असे यहूदा म्हणाला तेव्हा माणसे बदलली आहेत हे पाहून मगच तो त्यांच्यासमोर रडला आणि त्याने ओळख दिली. क्षमा आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भरवसा बदल पाहून हळूहळू द्यायचा असतो, हे इतके स्वच्छपणे मला कोणी सांगितले नव्हते. आमच्याकडे क्षमा म्हणजे पुढच्या रविवारी काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने येऊन बसणे. इथे भाऊंनी आणखी एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली, तिचा उल्लेख करणे मी कर्तव्य समजते : लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर तो आपसात मिटवण्याचा विषयच नव्हे; २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मग आरोपी मंडळीत कोणत्याही पदावर असो. पैशांच्या बाबतीतही त्यांनी माझी समजूत काढण्याऐवजी माहिती दिली. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेला दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि त्यावर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. मी मागितले ते कायद्यानेच ठेवायचे होते, हे ऐकून माझ्या खांद्यावरचे कोरहाचे ओझे पुष्कळसे उतरले.

एका बैठकीत भाऊंनी आपल्याच मातीतल्या दोन माणसांबद्दल सांगितले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. मिशनच्या सेवेत दोन दशके काढल्यावर १९१७ साली त्यांनी ती सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त येऊ शकत. १९१९ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या ख्रिस्तभक्तीबद्दल कोणाला शंका नव्हती. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ज्यांच्याकडे त्या राहिल्या त्या मठातल्या भगिनींशीच पत्रांतून सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी वाद घातला. संस्थेशी न पटणे म्हणजे ख्रिस्ताशी न पटणे नव्हे, हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच जगून दाखवले गेले आहे. मला हा भाग फार आवडला. तो अर्ध्या तासात गुंडाळला गेला, याची हळहळ वाटते. खान्देशात तर मंडळ्यांची घडण परदेशी मिशनांच्या हातून झाली, पश्चिमेकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आणि जळगाव-भुसावळकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, आणि साहेब सांगेल ते ऐकण्याची जी सवय त्या काळात अंगी लागली, तिचा आजच्या आमच्या गप्प राहण्याशी काय संबंध आहे, यावर एक संपूर्ण बैठक व्हायला हवी.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव भाषेची आहे. वाटली जाणारी टिपणे भाषांतरासारख्या मराठीत आहेत, आणि अहिराणी, भिलोरी किंवा मावची बोलणाऱ्या माणसाला ती परकी वाटतात. नवापूर-नंदुरबारकडच्या मंडळ्यांत आदिवासी विश्वासणारे मोठ्या संख्येने आहेत. त्यांना दुखावणारे शब्द ज्या भाषेत आले, त्या भाषेत बरे करणारे शब्द त्यांना इथे मिळत नाहीत. आजींसाठी परिचारिका दुभाषाचे काम करत होती, पण स्वतःचे दुःख घेऊन आलेल्या मुलीवर ते ओझे टाकणे बरोबर नव्हते. दुसरे म्हणजे जागा. दोन खोल्यांमधली भिंत इतकी पातळ आहे की आत कोणी रडले तर बाहेर वाट पाहणाऱ्याला ऐकू येते; जिथे गुप्ततेला इतके महत्त्व आहे तिथे ही गोष्ट क्षुल्लक नाही. तिसरे म्हणजे बैठका बुधवारी दुपारी असतात, त्यामुळे नोकरी करणाऱ्या पुरुषांना रजा काढावी लागते आणि केळीच्या बागेत रोजाने जाणाऱ्या बाईची मजुरी बुडते. भाऊ कधी कधी वचनाकडे लवकर वळतात. सातव्या आठवड्यात तो तरुण बोलत असताना त्यांनी मधेच अध्याय काढला आणि तरुण गप्प झाला. ताईंनी त्यांना तिथल्या तिथे थांबवले, भाऊंनी सर्वांसमोर त्याची माफी मागितली. व्यासपीठावर वर्षे काढलेला माणूस चुकल्यावर असे सरळ म्हणतो, हे मी माझ्या आयुष्यात प्रथमच पाहिले, म्हणून हा दोष लिहिताना मला तो पूर्ण दोष म्हणवत नाही.

कोणी जावे, याबद्दल माझे मत असे आहे. ज्याचा विश्वास शिल्लक आहे पण मंडळीच्या दाराशी पाय अडतो, त्याला ही सेवा अतिशय उपयोगी पडेल. ज्याला विश्वासच सोडायचा आहे, त्यालाही तिथे कोणी ओढून धरत नाही. आमच्या गटातल्या एकाने नवव्या आठवड्यात तसे सांगितले आणि त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही, एवढेच. कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत त्या दिवशी सगळ्यांनी एकत्र खाल्ले. मात्र ज्याला तीव्र नैराश्य आहे किंवा जीव द्यावासा वाटतो, त्याने आधी मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. ताई स्वतःच तसे सांगतात आणि चिठ्ठी देतात. आपल्या पाळकांशी भांडण मिटवून मिळेल, या अपेक्षेने जाणाऱ्याची निराशा होईल, कारण हे दांपत्य कोणत्याही मंडळीशी मध्यस्थी करत नाही.

मी सध्या महिन्यातून एकदा रेल्वेने तासाभरावरच्या दुसऱ्या गावी उपासनेला जाते आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसते. तिथल्या पाळकांना मी कोण, कुठली, हे ठाऊक नाही, आणि त्यांनी अजून विचारलेले नाही. नाताळच्या प्रभुभोजनाला ताट माझ्यापर्यंत आले तेव्हा माझा हात थरथरला, पण मी भाकरी घेतली. जुन्या मंडळीत मी परत जाईन की नाही, हे मला सांगता येत नाही; दहाव्या आठवड्यात ताईंनीही ते विचारले नाही.

शेवटच्या दिवशी सर्वांकडून लेखी सूचना मागवल्या होत्या. मी भाषेबद्दल आणि भिंतीबद्दल लिहिले. भिंतीचे काम घरमालकाच्या परवानगीवर अडले आहे. भाषेचे मात्र काही तरी झाले : पुढच्या गटात अहिराणी बोलणाऱ्यांच्या सोबतीला आजी बसणार आहेत, असे ताईंनी मला गेल्या आठवड्यात फोनवर सांगितले. तो गट पेरण्या आटोपल्यावर सुरू होईल, आणि त्यातल्या तीन जागा अजून रिकाम्या आहेत.